बुरशीचं बुरशीशी जमतं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सुरू झाला की पुण्यातल्या टेकडीवर आणि ताम्हिणी-मुळशीकडे फिरणाऱ्यांचे प्रश्न येतात, थंडीत जुन्नर-नारायणगावकडच्या द्राक्षवाल्यांचे, आणि घरी धिंगरी (ऑयस्टर) मश्रूम लावणाऱ्यांचे तर वर्षभर. प्रश्न वेगवेगळे वाटले तरी मुद्दा बऱ्याचदा एकच असतो, की एका बुरशीच्या अंगावर दुसरी बुरशी आली कशी आणि हे सगळं सुरू कधी झालं. म्हणून एका जागी लिहून ठेवलंय. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही, पण पहिले तीन-चार वाचलेत तर पुढचं सोपं जाईल.

सहजीवन म्हणजे दोघांचा फायदा, बरोबर ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. शाळेत दोघांचा फायदा असंच डोक्यात बसतं. पण जर्मन बुरशीशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी 1879 मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा वेगवेगळ्या जातींचे जीव एकत्र राहतात एवढंच त्यांना म्हणायचं होतं, त्यात परजीवीसुद्धा धरलेले होते. बुरशीच्या बाबतीत तरी तेच धरून चालावं असं माझं ठाम मत आहे, कारण मदत करणारी आणि खाणारी असे दोन कायमचे गट पाडता येत नाहीत, एकाच घराण्यात दोन्ही प्रकार सापडतात आणि लाखो वर्षांत एका प्रकारातून दुसऱ्यात ये-जा पण झालेली आहे.

बुरशी वनस्पती की प्राणी?

दोन्ही नाही, पण डीएनए बघितला तर वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची. पेशीभिंतीत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच. हे कायटिन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण बुरशी एकमेकींच्या वाटेला जातातच कशाला? जंगलात अन्न कमी आहे का?

अन्न भरपूर आहे, सगळा घोळ खायच्या पद्धतीत आहे. आपण आधी गिळतो आणि मग पचवतो. बुरशी उलटं करते, ती आधी एन्झाइम बाहेर सोडते, लाकूड किंवा पान बाहेरच्या बाहेर विरघळतं आणि मग तयार झालेली साखर ती तंतूंमधून आत शोषते. म्हणजे काही वेळ ती साखर उघड्यावर पडलेली असते आणि शेजारी जो कोणी असेल तो ती उचलू शकतो, मेहनत एकीची आणि पोट भरतं दुसरीचं. चोरी, वाटणी, मारामारी, एकमेकींवर अवलंबून राहणं हे सगळं इथून सुरू होतं. शिवाय शेजारीण स्वतःच कायटिन आणि साखरेच्या साखळ्यांची बनलेली, म्हणजे ती पण अन्नच.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पावसाळ्यात कुजत पडलेली एखादी जाड फांदी आडवी कापा. बऱ्याच वेळा आत बारीक काळ्या रेषा दिसतात, वेड्यावाकड्या पण एकदम स्पष्ट, आणि रेषेच्या अलीकडे लाकूड फिकट तर पलीकडे तपकिरी. ती शेताच्या बांधासारखी हद्द आहे, मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य भरून पक्की केलेली. कित्येकदा दोन्ही बाजूंना बुरशीची जात सेमच असते, फक्त जीव वेगळे. एका जातीच्या दोन बुरशींचे तंतू भेटले की आधी ओळख पटवली जाते, ठराविक जीन जुळले तर तंतू एकमेकांत मिसळतात आणि नाही जुळले तर जिथे जोड झाला तिथल्या पेशी मरतात. सख्ख्या जातीत इतकं कडक असेल तर परक्या जातीशी काय होत असेल बघा.

सगळ्यात जुना पुरावा कुठला?

स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळचा चर्ट दगड. साधारण 40 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी तिथे गरम पाण्याचे झरे होते, त्यातल्या सिलिकाने आजूबाजूची झाडं, कोळ्यांचे नातेवाईक, बुरशी सगळं जागच्या जागी गोठवून टाकलं, इतकं बारीक की दगडाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली धरला तर पेशी दिसतात. आपल्या सिंहगडचा काळा पाषाण अंदाजे 6.6 कोटी वर्षांचा, म्हणजे हा त्याच्या सहापट जुना.

त्या दगडात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत आणि मला हे प्रचंड आवडतं. एक, त्या काळातल्या बिनमुळांच्या झाडांच्या पेशींत शिरलेली बुरशी, झाडासारख्या फांद्या फुटलेली, आजही बहुतेक झाडांच्या मुळांत दिसते तशीच. दोन, त्याच गटातल्या बुरशींच्या बीजाणूंवर चढून बसलेल्या दुसऱ्या छोट्या पाणबुरशी, आणि काही ठिकाणी हल्ला झालेल्या बीजाणूने भिंत आतून जाड करून विरोध केल्याच्या खुणा पण आहेत. म्हणजे झाडाशी मैत्री जितकी जुनी दिसते तितकंच बुरशीने बुरशीला खाणंही जुनं.

मग सुरुवात भांडणातूनच झाली का?

पुरावा त्या बाजूला झुकतो. बुरशींच्या वंशवृक्षात अगदी तळाशी फुटलेल्या फांदीवर रोझेला नावाचा जीव आहे. तो पाण्यातल्या दुसऱ्या बुरशींच्या पेशीत घुसून राहतो, आत असताना स्वतःला पेशीभिंत पण बांधत नाही. 2013 मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला तेव्हा दिसलं की ऊर्जा बनवायची त्याची यंत्रणा झिजलेली आहे आणि यजमानाकडून, म्हणजे ज्याच्या आत राहतो त्याच्याकडून, तयार माल ओढून घेणारे जीन मात्र आहेत. इतक्या खालच्या फांदीवर दुसऱ्या बुरशीच्या आत राहणारा परजीवी असणं हे विचार करण्यासारखं आहे.

मैत्री किंवा अवलंबून राहणं उत्क्रांतीत येतं कसं? कोणी ठरवून तर करत नाही.

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा म्हणून जरा लांब लिहितो.

लोकांना वाटतं की आधी फायदा दिसतो मग दोघं एकत्र येतात. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा क्रम उलटा असतो, आधी नुसता शेजार असतो, मग त्या शेजाराच्या भरवशावर एकीचं काहीतरी हरवतं, आणि हरवलं की परतीची वाट बंद होते. एखादी वस्तू शेजारून आयती मिळत असेल तर ती बनवणारा जीन बिघडला तरी काही अडत नाही, उलट खर्च वाचतो, म्हणून बिघडलेलेच पुढे टिकतात. काही हजार पिढ्यांनी ती बुरशी एकटी जगूच शकत नाही. याला प्रेम म्हणा नाहीतर गुलामी, यंत्रणा तीच.

मुळांत राहणाऱ्या त्या जुन्या बुरशीचंच घ्या. ती झाडाला फॉस्फरस आणून देते हे सगळ्यांना माहीत असतं, पण फॅटी अ‍ॅसिड बनवायचे तिचे मुख्य जीनच गायब आहेत आणि तेल-चरबी ती झाडाकडून घेते हे 2017 च्या आसपास नीट सिद्ध झालं. दुसऱ्या प्रकारच्या मूळबुरशी, पाइन-ओकच्या मुळांभोवती आवरण करणाऱ्या, त्या लाकूड आणि पाचोळा कुजवणाऱ्या बुरशींपासून एकदा नाही तर बऱ्याच वेळा स्वतंत्रपणे निघाल्या, आणि दरवेळी लाकूड फोडणारे एन्झाइम कमी होत गेले. वेगवेगळ्या घराण्यांत तेच ते घडलंय.

सगळ्यात टोकाचं उदाहरण रायझोपस मायक्रोस्पोरस. या बुरशीमुळे भाताची रोपं मरतात. 2005 मध्ये जर्मनीत कळलं की मारणारं विष बुरशी बनवतच नाही, तिच्या पेशींच्या आत राहणारे बॅक्टेरिया बनवतात. आणि नंतर दिसलं की ते बॅक्टेरिया काढून टाकले तर बुरशीला बीजाणूच धरता येत नाहीत! वंश वाढवायची किल्लीच दुसऱ्याच्या हातात.

हे प्रयोगशाळेत करून बघितलंय का कोणी?

हो. 2007 मध्ये अमेरिकेत वेनयिंग शाऊ आणि सहकाऱ्यांनी साध्या यीस्टचे, म्हणजे पाव फुगवणाऱ्याच यीस्टचे, दोन प्रकार बनवले. लायसिन आणि अ‍ॅडेनिन हे दोन्ही पदार्थ यीस्टला जगायला लागतातच. एकाला लायसिन बनवता येत नाही पण अ‍ॅडेनिन जास्तीचं सुटतं, दुसऱ्याला अ‍ॅडेनिन बनवता येत नाही पण लायसिन जास्तीचं सुटतं. वेगळे ठेवले तर दोन्ही उपाशी मरतात, एकत्र ठेवले तर वाढतात. पुढे त्यात तिसरा फुकट्या प्रकार पण सोडला गेला, जो लायसिन घेतो आणि बदल्यात काहीच देत नाही. काही बाटल्यांमध्ये फुकट्यांनी सगळं बुडवलं, पण काहींमध्ये नवीन परिस्थितीशी आधी जुळवून घेणारा जीन-बदल योगायोगाने देणाऱ्यांमध्ये आला आणि ते फुकट्यांच्या पुढे निघून गेले. त्यामुळे फसवणारेच शेवटी जिंकतात असं डोळे झाकून म्हणता येत नाही.

दगडफुलाचा याच्याशी काय संबंध?

खूप आहे. गोड्या मसाल्यात टाकतो ते दगडफूल म्हणजे लायकेन, बुरशी आणि शेवाळ मिळून झालेलं शरीर. रविवार पेठेतल्या कुठल्याही मसाल्याच्या दुकानातून थोडं आणा आणि एक मोठा तुकडा बाजूला काढा. वरची बाजू राखाडी, खालची काळी. पाण्यात टाकलात की मऊ पडतो आणि वरची बाजू हिरवट दिसायला लागते, कारण ओली झाल्यावर वरची कातडी पारदर्शक होते आणि आतलं शेवाळ दिसतं. ब्लेडने कड कापून लेन्सखाली धरा, वरच्या सालीच्या लगेच खाली हिरव्या ठिपक्यांचा पातळ पट्टा आणि त्याखाली पांढरा कापसासारखा थर दिसेल. तो कापूस म्हणजे बुरशीचे तंतू.

ही दोघांची जोडी आहे असं स्विस शास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी 1860 च्या दशकात मांडलं तेव्हा बऱ्याच मोठ्या लायकेनतज्ज्ञांनी ते उडवून लावलं होतं. नंतर दीडेकशे वर्षं पुस्तकात एक बुरशी अधिक एक शेवाळ असंच छापलं गेलं. मग 2016 मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी दोन लायकेन तपासले, एक तपकिरी आणि एक पिवळा विषारी, गंमत म्हणजे दोघांतली मुख्य बुरशी तीच आणि शेवाळही तेच. फरक कशात होता तर सालीत राहणाऱ्या एका वेगळ्याच यीस्टच्या प्रमाणात, पिवळ्यात ते जास्त होतं. म्हणजे लायकेनच्या आत पण बुरशीसोबत बुरशी! लगेच सगळीकडे तीन भागीदार असतातच असं लिहून यायला लागलं, ते मात्र खरं नाही. पुढे बाकीच्या लायकेनमध्ये शोध घेतला तेव्हा बऱ्याच जातींमध्ये तसं यीस्ट मिळालं नाही. याशिवाय लायकेनवरच जगणाऱ्या बुरशींच्या 2000 पेक्षा जास्त जाती नोंदलेल्या आहेत, काही उघड परजीवी तर काही नुसत्या निवांत राहणाऱ्या.

धिंगरीच्या बॅगवर हिरवं आलंय, ती मश्रूमचीच बुरशी आहे का?

नाही, ती ट्रायकोडर्मा. सुरुवातीला पांढरीच असते म्हणून फसायला होतं, दोन-चार दिवसांनी बीजाणू धरले की हिरवी पडते. बॅग तिथे उघडू नका, खरवडू नका, अख्खी बंद पिशवीत घालून खोलीबाहेर काढा नाहीतर हिरवी पावडर सगळ्या बॅगांवर बसेल. पुढच्या वेळी भुसा किंवा काड गरम पाण्यात नीट भिजवून, निथळून वापरा.

आणि तिच्यावर चिडण्याआधी ती काय करते हे बघा. 1932 मध्ये वाइंडलिंग या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत नोंदवलं की ट्रायकोडर्माचे तंतू दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेढे घालतात. चिकटून, दाब देऊन, कायटिन फोडणारे एन्झाइम सोडून ती समोरचीची भिंत भोकं पाडून उघडते. 2011 मध्ये तीन जातींचे जीनोम ताडून बघितले तेव्हा असं दिसलं की दुसऱ्या बुरशीला खाणं हीच या घराण्याची मूळ जगण्याची रीत असावी. मुळांजवळ ती बहुधा शिकारीच्या मागे आली, कारण मुळांभोवती बुरशी भरपूर, आणि तिथे साखरही मिळते म्हणून तिथलीच झाली.

मग नर्सरीत ट्रायकोडर्मा पावडर विकतात ती हीच?

हीच किंवा तिची बहीण. झाडांना मर आणि मूळकूज हे रोग करणाऱ्या बुरशींवर ती चांगली चालते, शेणखतात मुरवून दिली तर जास्त चांगली. त्याच वेळी रासायनिक बुरशीनाशक ओतू नका, ती पण मरेल. आणि मश्रूमच्या खोलीत ते पाकीट नेऊच नका, कुंडीत जी मदत करते ती बॅगेत नासाडी करते, तिच्या दृष्टीने काम एकच आहे.

द्राक्षावरच्या भुरीवर बुरशीच सोडतात म्हणे?

अँपेलोमायसिस. भुरीची बुरशी द्राक्षाच्या जिवंत पानावर जगते आणि ही भुरीच्या तंतूंच्या आत शिरून तिथेच आपली बीजाणूंची इवलीशी पिंपं बांधते. पांढरा थर मळकट-तपकिरी दिसायला लागला तर ते तिचं काम असू शकतं. ओलावा लागतो, वेळही लागतो, त्यामुळे भुरी भडकल्यावर नुसती हिच्यावर भिस्त ठेवू नका. पुण्याजवळ मांजरी गावात राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, फवारणीचं त्यांनाच विचारा. डाऊनीवर, म्हणजे केवड्यावर, ही चालत नाही कारण तो रोग करणारा जीव खरी बुरशीच नाही, त्याचं नातं तपकिरी शेवाळांशी.

एखादी बुरशी यजमानच बदलते असं होतं का?

होतं, आणि याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण टोलिपोक्लॅडियम. तिचे नातेवाईक किडे मारून खाणारे, सिकाडाची (झाडावर कर्कश ओरडणारा किडा) पिल्लं वगैरे, आणि हिच्या बऱ्याच जाती मात्र एलाफोमायसिस नावाच्या जमिनीखालच्या गोळ्यासारख्या बुरशीवर जगतात. किडा कुठे आणि बुरशी कुठे! 2000 मध्ये जपानी संशोधकांनी डीएनए बघून ही उडी कशी पडली असेल ते मांडलं. सिकाडाची पिल्लं वर्षानुवर्षं जमिनीखाली झाडाची मुळं चोखत राहतात आणि ते गोळेही त्याच मुळांना धरून वाढतात. म्हणजे यजमान बदलला पण पत्ता तोच राहिला. दोघांच्या अंगात कायटिन, हाही योगायोग नसावा.

वारुळावर येणारी अळंबी यात बसते का?

ती वाळवीची शेती. सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत वाळवीने टर्मिटोमायसिस पाळायला सुरुवात केली, एकदाच, आणि त्या घराण्यातल्या कुठल्याच वाळवीने ती परत सोडली नाही. आपल्याकडे पहिल्या-दुसऱ्या मोठ्या पावसानंतर जमिनीतून लांब देठाच्या छत्र्या येतात त्या याच. पण वाळवीच्या त्या बागेत अजून एक बुरशी दबून बसलेली असते, स्यूडोझायलेरिया. वाळवी काम करते आहे तोवर ती जवळजवळ दिसत नाही, आणि वाळवीने बाग सोडली की थोड्याच दिवसांत सगळ्यावर तीच. खूप लोक पाळणारा आणि पाळलेला एवढंच सांगून थांबतात, तिसरी सांगतच नाहीत.

बर्फाच्या फुलासारखा तो चिनी मश्रूम एकटा वाढवता येईल का?

ट्रेमेला फ्युसिफॉर्मिस. एकटा नाही. त्याला लाकूड धड पचवता येत नाही, अ‍ॅन्युलोहायपोझायलॉन नावाच्या दुसऱ्या बुरशीवर तो जगतो. चीनमध्ये दोघांचं बियाणं मिसळूनच लावतात.

बुरशी म्हणजे झाडांना एकमेकांशी जोडणारं जंगलाचं इंटरनेट, हे खरं का?

अर्धवट. 1997 मध्ये सुझान सिमार्ड यांनी कॅनडात बर्च आणि फर झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण दाखवली, ते काम महत्त्वाचं आहे. पण आई-झाड पोरांना ओळखून खाऊ पाठवतं वगैरे जे पसरलंय त्याला प्रत्यक्ष जंगलातला पुरावा तोकडा आहे असं 2023 मधल्या एका आढाव्यात स्पष्ट मांडलं गेलं. मला खटकतं ते असं की या गोष्टीत बुरशी नुसती वायर होते. एकाच मुळावर अनेक बुरशी जागेसाठी भांडत असतात, प्रत्येकीचं स्वतःचं पोट आहे.

पुण्यात हे कुठे बघायला मिळेल?

अभ्यासाच्या बाजूने आपण नशीबवान आहोत. आगरकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, जिवंत कल्चर जपलेले, आणि बुरशीशास्त्रज्ञ अजरेकरांच्या नावाचं वाळवलेल्या नमुन्यांचं हर्बेरियमही. नुसतं फिरून बघायचं तर वेताळ टेकडी, विद्यापीठाचा परिसर, एम्प्रेस गार्डन, कुठेही जुनी झाडं आणि पडलेली लाकडं असली की झालं. दहापट मोठं दाखवणारी घडीची लेन्स पुरते. ताज्या, सुंदर छत्रीपेक्षा जुनी, सडायला लागलेली छत्री शोधा, तिच्यावर पांढरा-पिवळा लव असेल तर तीच तुम्हाला हवी असलेली गोष्ट. उपटू नका, कुठल्या झाडाखाली होती ते लिहून ठेवा.

फोटो पाठवला तर खायचं की नाही सांगाल का?

नाही, कधीच नाही. एक तर अमाटॉक्सिन असलेल्या छत्र्या शिजवल्या तरी विष जात नाही, आणि त्रास सुरू व्हायला सहा-बारा तास किंवा जास्त लागतात तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं. दुसरं म्हणजे या सगळ्या विषयाशी जोडलेलं कारण, छत्रीवर दुसरी बुरशी चढली की तिचा रंग, पट्ट्या, आकार सगळं झाकलं जातं आणि खाली मूळ जात कुठली हे जाणकाराला पण सांगता येत नाही. चुकून खाल्लंच असेल तर उलटी व्हायची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा, आणि उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्या, प्लास्टिकमध्ये नको.